कांदिवलीचा ट्रॅक्टर आणि पुणतांब्याचे रान

महाराष्ट्रातील ट्रॅक्टर-उद्योगाचा इतिहास सहसा मुंबईच्या कांदिवली उपनगरातील आकुर्ली रस्त्यापासून सांगितला जातो, कारण महिंद्रा समूहाचा ट्रॅक्टर 1960 च्या दशकात तेथे तयार होऊ लागला आणि पुढे त्याच समूहाने संख्येच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठा ट्रॅक्टर-उत्पादक हे स्थान मिळवले. यंत्र कारखान्यात घडत असले तरी त्याची शक्ती, त्याचा आकार आणि ते विकत घेण्याची ऐपत या तिन्ही गोष्टी मात्र ते ज्या जमिनीवर चालायचे त्या जमिनीच्या मालकीशी बांधलेल्या असतात, आणि त्यामुळे हा इतिहास कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहून, शेताच्या बाजूने पाहिला तर अधिक नीट उलगडतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील पुणतांबा हे गाव अशा पाहणीसाठी फार सोयीचे आहे. गोदावरीच्या काठचे, चांगदेवांच्या समाधीमुळे आणि अहिल्याबाई होळकरांच्या घाटामुळे परिचित असलेले हे गाव 1878 मध्ये सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गावर वसलेले आहे, आणि कालव्याचे पाणी, खासगी साखर कंपनी, सरकारी शेती महामंडळ, सहकारी कारखानदारी व शेवटी 2017 चा शेतकरी संप असे महाराष्ट्राच्या शेतीतले जवळजवळ प्रत्येक वळण त्याने आपल्या शिवारात किंवा शिवाराला लागून अनुभवले आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत नांदूर मधमेश्वरचा बंधारा व दारणा धरण यांच्या आधारे गोदावरीचे कालवे वाहू लागले, तर 1926 मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवरेच्या कालव्यांना बारमाही पाण्याची शाश्वती दिली. पाणी आले, तरी ते पिणारी काळी जमीन उसाखाली आणणे सोपे नव्हते. उसाला खोल नांगरट लागते, आणि या भागातील भारी जमिनीत हराळी व कुंदा या खोल मुळांच्या गवतांनी असे ठाण मांडले होते की ती काढण्यासाठी सहा किंवा आठ बैलांचा नांगर उन्हाळाभर चालवावा लागे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये बेळगावात बनवलेला आणि 1910 नंतर किर्लोस्करवाडीहून महाराष्ट्रभर गेलेला लोखंडी नांगर हे या अडचणीवरचे पहिले स्वदेशी उत्तर होते. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीपायी आरंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही, परंतु एकदा त्याचा गुण कळल्यावर तो दख्खनच्या शेतकऱ्याच्या घरात कायमचा शिरला. ओढणारे जनावर मात्र तेच राहिले, आणि बैलांच्या शक्तीची मर्यादा हीच नांगरटीच्या खोलीची मर्यादा ठरली.

ही मर्यादा प्रथम ओलांडली ती भांडवलदार साखर कंपन्यांनी. 1920 च्या दशकात बेलापूर कंपनीने हरिगाव येथे कारखाना उभारला. पुढे डहाणूकरांचा टिळकनगर येथील, सोमय्यांचे साकरवाडी व लक्ष्मीवाडी येथील, आणि खुद्द पुणतांब्याजवळचा चांगदेव शुगर मिल्स असे कारखाने याच पट्ट्यात उभे राहिले. या कंपन्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडाने जमिनी घेतल्या आणि शेकडो एकरांचे सलग मळे तयार केले. अशा मळ्यांवर वाफेचा नांगर परवडत असे. त्याची रचना अशी की शेताच्या दोन टोकांना दोन अवजड वाफेची इंजिने उभी करावयाची, त्यांच्या पोटाखालच्या मोठ्या रिळांवर पोलादी दोर गुंडाळलेला असावयाचा, आणि एका इंजिनाने नांगर आपल्याकडे ओढला की दुसऱ्याने तो उलट ओढून न्यावयाचा. इंजिन स्वतः शेतात उतरत नसल्यामुळे जमीन दबत नसे. अशा यंत्रासाठी कोळसा, पाणी, कुशल चालक आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बांध नसलेले लांबलचक रान लागत असे, म्हणजेच जमीनधारणेची एक विशिष्ट पद्धत अस्तित्वात असल्याशिवाय ते यंत्र चालूच शकत नव्हते. इंग्लंडमधील लीड्स शहराच्या फाउलर कंपनीने असे नांगर जगभर विकले, ते मुख्यतः मोठ्या मळ्यांच्या मालकांना.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षेही मोठ्या यंत्राचीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने मागे ठेवलेले ट्रॅक्टर घेऊन केंद्र सरकारने मध्यवर्ती ट्रॅक्टर संघटना उभारली, आणि मध्य भारतातील लाखो एकर जमीन व्यापून बसलेले कांस गवत उपटण्यासाठी 1949 मध्ये जागतिक बँकेकडून 1 कोटी डॉलरचे कर्ज घेऊन आणखी यंत्रे आणली. ही बहुधा साखळीपट्ट्यांवर चालणारी, रणगाड्याच्या जातकुळीची यंत्रे होती, आणि त्यांचा मालक सरकार होते. सामान्य शेतकऱ्याने स्वतःचा ट्रॅक्टर घ्यावा ही कल्पना धोरणकर्त्यांनाही तेव्हा फारशी खरी वाटत नसावी. आयात होणाऱ्या मोजक्या ट्रॅक्टरांत रुपयांच्या व्यवहारातून येणारे पूर्व युरोपातील व सोव्हिएत ट्रॅक्टर पुढे बरेच होते, आणि 1961-62 मध्ये देशात तयार झालेल्या ट्रॅक्टरांची संख्या अवघी 880 होती. फरिदाबादचा आयशर हा 1959 मध्ये बाहेर पडलेला पहिला भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर, आणि त्यापाठोपाठ मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने निघालेली टॅफे, एवढीच तेव्हाची उल्लेखनीय नावे.

कांदिवलीची कंपनी या रांगेत थोडी उशिरा आली. 2 ऑक्टोबर 1945 रोजी कैलासचंद्र व जगदीशचंद्र महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी ती स्थापन केली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा असे झाले. विलीज जीपची जुळणी 1947 पासून सुरू झाली होती, त्यामुळे खडबडीत वाटेवर चालणारे वाहन आणि त्याचे सुटे भाग यांचा अनुभव कंपनीच्या हाताशी होता. 1963 मध्ये शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि मुंबईची व्होल्टास यांच्याशी महिंद्राच्या भागीदारीतून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली. यांतली हार्वेस्टर ही 1902 मध्ये मॅककॉर्मिक, डीअरिंग इत्यादी कंपन्या एकत्र येऊन बनलेली आणि एके काळी शेतीयंत्रांच्या जगावर राज्य केलेली बलाढ्य संस्था होती. भारतासाठी तिने निवडलेला ट्रॅक्टर मात्र अमेरिकेतल्या गव्हाच्या विस्तीर्ण शेतांसाठी बनवलेला नव्हता. इंग्लंडमध्ये 1958 पासून तयार होणारा, चार सिलिंडरांचा, 144 घनइंच क्षमतेच्या डिझेल इंजिनाचा, सुमारे 35 अश्वशक्तीचा ‘बी-275’ हा तो ट्रॅक्टर होता.

ही निवड या साऱ्या इतिहासातील कळीची गोष्ट होय. पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन फाळांचा नांगर काळ्या जमिनीत ओढू शकतो, भरलेली ट्रॉली रस्त्यावर नेऊ शकतो, आणि तरीही शेताच्या कोपऱ्यात वळण्याइतका आटोपशीर असतो. अशा ट्रॅक्टरांच्या पाठीमागे अवजार जोडण्यासाठी तीन दांड्यांची जोडणी असते, जी हॅरी फर्ग्युसन यांच्या संशोधनातून रूढ झाली. तिच्यामुळे नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जात नाही, तर द्रवदाबाच्या साह्याने उचलता व खाली सोडता येतो, आणि नांगरावर येणारा जमिनीचा दाब मागच्या चाकांवर भार टाकून त्यांची पकड वाढवतो. त्यामुळेच हलक्या वजनाचा ट्रॅक्टर जड काम करू लागला. दुसरी सोय म्हणजे ज्याला गावोगाव ‘पीटीओ’ म्हणतात तो मागे बाहेर आलेला फिरता दांडा. इंजिनाची शक्ती त्यावरून मळणी यंत्राला, पंपाला किंवा पुढच्या काळात रोटाव्हेटरला देता येते, आणि ट्रॅक्टर जागेवर उभा असतानाही कमाई करतो.

असा मध्यम ट्रॅक्टर कांदिवलीत तयार होत असतानाच नगर जिल्ह्यात त्याचा मालक तयार होत होता, आणि हे दोन्ही घडण्यास कारण झालेले कायदे व संस्था परस्परांपासून अगदी वेगळ्या होत्या. महाराष्ट्र शेतजमीन (कमाल जमीनधारणा मर्यादा) अधिनियम, 1961 या कायद्याने साखर कंपन्यांचे मळे त्यांच्या हातून काढून घेतले, आणि या जमिनी कसण्यासाठी 1963 मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. पुणतांब्याजवळचा चांगदेवनगर मळा, तसेच हरिगाव, टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी हे मळे महामंडळाकडे गेले. मूळ शेतकऱ्याला, म्हणजे ज्याने कंपनीला जमीन खंडाने दिली होती त्या ‘खंडकऱ्याला’, ती लगेच परत मिळाली नाही. त्यासाठी त्याच्या पुढच्या पिढ्यांना कित्येक दशके लढावे लागले, आणि जमिनी प्रत्यक्ष परत देण्याच्या प्रक्रियेला वेग आला तो 2012 च्या सुमारास. तोवर या परिसरात एका बाजूला सरकारी मळ्यावर यंत्रांचा ताफा आणि बांधाच्या पलीकडे बैलजोडीवर शेती करणारा त्याच जमिनीचा वारस असे चित्र होते. यंत्रीकरणाच्या गुणगानात हे चित्र सहसा येत नाही, म्हणून ते येथे नोंदवणे आवश्यक आहे.

दुसरी संस्था म्हणजे सहकारी साखर कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभा राहिलेला प्रवरा कारखाना 1950-51 मध्ये गाळप करू लागला, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर या पट्ट्यात सहकारी कारखान्यांचे जाळे विणले गेले. सभासद शेतकऱ्याच्या उसाला निश्चित गिऱ्हाईक मिळाले, आणि उसाच्या पैशातून हप्ता फेडण्याची हमी देता येऊ लागली. तिसरी गोष्ट कर्जाची. 1963 मध्ये स्थापन झालेल्या कृषी पुनर्वित्त महामंडळाने भूविकास बँकांना दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी पैसा पुरवला, 19 जुलै 1969 रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर व्यापारी बँकाही शेतात उतरल्या, आणि ट्रॅक्टरसाठी कर्ज हवे असल्यास सुमारे 8 एकर बारमाही बागायत असावी असा दंडक रूढ झाला. कमाल जमीन मर्यादेच्या कायद्याने बारमाही बागायतीची मर्यादा 18 एकर ठरवली होती. आठ आणि अठरा या दोन आकड्यांच्या मध्ये जो शेतकरी उभा होता तोच ट्रॅक्टरचा ग्राहक, आणि कालव्यावरच्या गावांत तो पुष्कळ होता. वाफेच्या नांगराला त्याचे रान पुरले नसते. बैलाला त्याच्या उसाची नांगरट झेपत नव्हती. पस्तीस अश्वशक्ती मात्र त्याला बरोबर बेतली. 1972 च्या दुष्काळात या जिल्ह्यात जनावरांचे जे हाल झाले, त्यांनी बैलावरचा उरलासुरला भरवसाही डळमळीत केला.

परवाना-नियंत्रणाच्या काळात मागणी उत्पादनापेक्षा अधिक असल्याने ट्रॅक्टरसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागे. 1977 मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी महिंद्रा अँड महिंद्रामध्ये विलीन झाली आणि तिचा ट्रॅक्टर विभाग बनली. कांदिवलीखेरीज नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतही ट्रॅक्टर तयार होऊ लागले. तांत्रिकदृष्ट्या या काळातील महत्त्वाचा बदल बॉनेटवरील ‘डीआय’ या दोन अक्षरांत सामावलेला आहे. मूळ ‘बी-275’ च्या इंजिनात डिझेल प्रथम एका लहान कोठडीत फवारले जाऊन तेथे पेट घेत असे आणि मग ज्योत मुख्य सिलिंडरमध्ये येत असे. नव्या इंजिनात ते थेट सिलिंडरमध्ये फवारले जाऊ लागले, त्यामुळे उष्णता कमी वाया जाऊन डिझेलची बचत झाली आणि थंडीच्या सकाळी इंजिन चालू करणेही सोपे झाले. तेलाच्या किमती वाढत असताना शेतकऱ्याने ट्रॅक्टरची परीक्षा ‘तासाला किती डिझेल पितो’ या एकाच प्रश्नावर करावी हे स्वाभाविक होते. गिअरपेटी गावच्या मिस्त्रीला उघडता येते काय आणि सुटा भाग तालुक्याला मिळतो काय, हे प्रश्न त्यानंतरचे. या तिन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तर देणाराच पुढे टिकला.

महाराष्ट्रातले इतर प्रयत्न येथे थोडक्यात पाहावे लागतील. नांगरापासून सुरुवात केलेल्या किर्लोस्करांनी 1970 च्या दशकात नाशिक येथे जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढला, पण तो उद्योग फार काळ टिकला नाही. नगरच्याच फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया यांनी उभारलेल्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ‘बलवान’ ट्रॅक्टर बाजारात आणला आणि 2024 मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतले. अमेरिकेच्या जॉन डीअरने लार्सन अँड टुब्रोच्या भागीदारीत पुण्याजवळ सणसवाडी येथे सुरू केलेला कारखाना मात्र पुढे स्वतःच्या पूर्ण मालकीचा करून वाढवला, आणि आज उसाच्या पट्ट्यात त्याचे हिरवे ट्रॅक्टर लाल ट्रॅक्टरांच्या बरोबरीने दिसतात.

नव्या शतकाच्या तोंडाशी देशभर ट्रॅक्टरची मागणी घसरली आणि विक्रेत्यांच्या आवारात न खपलेले ट्रॅक्टर उभे राहिले. महिंद्राने या संकटात कारखान्याच्या शिस्तीकडे लक्ष वळवले, आणि 2003 मध्ये तिच्या ट्रॅक्टर विभागाला जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले. उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर दोष मोजून तो मुळातून काढण्याच्या पद्धतीसाठी दिला जाणारा हा सन्मान मिळवणारी ती जगातील पहिली ट्रॅक्टर कंपनी. 1999 मध्ये गुजरात ट्रॅक्टर्स आणि 2007 मध्ये मोहालीची पंजाब ट्रॅक्टर्स तिने ताब्यात घेतली. या दुसऱ्या कंपनीचा ‘स्वराज’ हा दुर्गापूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेने आखलेला, परदेशी परवान्याशिवाय बनलेला ट्रॅक्टर होता, आणि त्याचे नाव कंपनीने शहाणपणाने स्वतंत्रच ठेवले. ज्या इंटरनॅशनल हार्वेस्टरकडून कांदिवलीने विद्या घेतली, तिचा शेतीयंत्रांचा विभाग दीर्घ संप आणि कर्जाच्या ओझ्याखाली 1985 मध्ये विकला गेला. इंग्लंडमधील डोंकास्टरचा तिचा जुना कारखाना 2007 मध्ये बंद पडला. शिष्य कंपनीने 1994 मध्ये टेक्सासमध्ये पाय रोवले होते, आणि तेथे तिला गिऱ्हाईक मिळाले ते हजार एकरांच्या शेतकऱ्यांत नव्हे, तर घोडे, गवत व थोडीशी बाग सांभाळणाऱ्या लहान जमीनमालकांत. भारतातल्या मध्यम शेतासाठी पक्के झालेले यंत्र अमेरिकेतल्या लहान तुकड्याला चपखल बसले. 2004 मध्ये दहा लाखावा, 2013 मध्ये वीस लाखावा, 2019 मध्ये तीस लाखावा आणि 2024 मध्ये चाळीस लाखावा ट्रॅक्टर या कंपनीने बाहेर काढला.

या वाढत्या आकड्यांच्या शेजारी दुसरा, घटता आकडा ठेवल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर, म्हणजे साधारण सव्वातीन एकरांवर आली. ज्याच्या आधारावर ट्रॅक्टरची बाजारपेठ उभी राहिली तो आठ ते अठरा एकरांचा बागायतदार वाटण्यांत विरघळत गेला. कंपनीने हे ओळखले, असे म्हणावे लागेल, कारण तिने 15 अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा ‘युवराज 215’ बाजारात आणला, जो द्राक्ष, डाळिंब किंवा राहात्याच्या प्रसिद्ध पेरूच्या ओळींमधून जाऊ शकतो आणि उसाच्या सरीत आंतरमशागत करू शकतो. दोन इंजिने आणि पोलादी दोर यांपासून निघालेला प्रवास अशा रीतीने बैलजोडीएवढ्या यंत्रापर्यंत आला.

पुणतांबा परिसरात आज प्रत्यक्ष काय घडते, हे यावरून समजू शकते. बहुतेक शेतकऱ्यांची नांगरट, रोटा मारणे आणि सरी पाडणे ही कामे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने, एकराच्या किंवा तासाच्या दराने होतात. ट्रॅक्टर ज्याचा असतो त्याला हप्ता भरण्यासाठी स्वतःचे शेत पुरत नाही, म्हणून तो उन्हाळ्यात गावभर नांगरट करतो आणि गळीत हंगामात कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढतो. ट्रॅक्टरने बैलाचे काम घेतले, गाडीचेही घेतले. माणसाचे मात्र निवडूनच घेतले. खुरपणी बायांच्या हातात राहिली, आणि ऊसतोडणी करणारी यंत्रे आली तरी बहुतांश तोड अजून बीड, पाथर्डीकडून येणाऱ्या टोळ्यांच्याच कोयत्यावर चालते. यंत्रीकरण म्हणजे श्रमांतून सुटका, हे समीकरण या पट्ट्यात अर्धेच खरे ठरले आहे.

1 जून 2017 रोजी पुणतांब्याने शेतमाल शहराकडे न पाठवण्याचा संप पुकारला, तो ग्रामसभेच्या ठरावातून. कर्जमाफी आणि उत्पादन खर्चावर दीडपट हमीभाव या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली, तरी ट्रॅक्टरच्या दृष्टीने पाहता दुसरी मागणी अधिक मूलगामी आहे. हमीभावासाठी उत्पादन खर्च काढण्याच्या पद्धतींत भाड्याने घेतलेल्या यंत्राचा खर्च आणि स्वतःच्या अवजारांची झीज ‘ए-2’ या खर्चातच धरली जाते, परंतु स्वतःच्या यंत्रांत व इतर स्थिर मालमत्तेत गुंतलेल्या भांडवलावरचे व्याज आणि स्वतःच्या जमिनीचा खंड या बाबी केवळ ‘सी-2’ या सर्वसमावेशक खर्चात येतात. केंद्र सरकारचा दीडपट भाव ‘ए-2’ आणि घरच्या माणसांच्या श्रमाचे मूल्य यांवर बेतलेला आहे, तर शेतकरी संघटना ‘सी-2’ चा आग्रह धरतात. दारात ट्रॅक्टर उभा असलेल्या शेतकऱ्याचे सर्वांत मोठे भांडवल, जमिनीखालोखाल, त्या यंत्रात अडकलेले असते, आणि सरकारी हिशेब नेमके त्याचेच व्याज बाहेर ठेवतो.

यंत्र भाड्याने देण्याचा व्यवसाय कंपनीने ‘ट्रिंगो’ या नावाने 2016 मध्ये कर्नाटकातून सुरू केला, म्हणजे गावांनी जी रीत कितीतरी आधीपासून स्वतःच्या हिमतीवर चालवली होती तिला संघटित रूप देण्याचा विचार उत्पादकाला फार उशिरा सुचला. कंपनीला दोष देणे तरीही अपुरे ठरेल. ज्या जिल्ह्याने ऊस गाळण्याचे प्रचंड यंत्र हजारो सभासदांच्या सामाईक मालकीत आणून दाखवले, त्याच जिल्ह्याने ऊस पिकवण्याचे लहान यंत्र मात्र, थोडे अपवाद वगळता, एकेकट्या शेतकऱ्याच्या सातबारावर कर्जाचा बोजा चढवून घेतले. सहकाराने गाळपाची चिंता केली, मशागतीची केली नाही, आणि ही त्याची मोठी चूक होय. अवजार बँकांना, म्हणजे यंत्रे सामाईक ठेवून भाड्याने देणाऱ्या केंद्रांना, सरकारी अनुदान उपलब्ध आहे आणि गावोगाव विकास सेवा संस्था आहेत. सव्वातीन एकरांच्या सभासदासाठी पुढचा ट्रॅक्टर त्या संस्थांनी आपल्या नावावर घ्यावा.